शाळा सोडण्याचे कारण

फेब्रुवारीत माझ्या धाकट्या भावाच्या शाळेत दहावीचा निरोप समारंभ झाला. संध्याकाळी तो घरी आला तो गप्पच. हातातलं गुलाबाचं फूल मोरीत टाकलं, बूट दारात भिरकावले आणि भिंतीकडे तोंड करून पडला. आईनं विचारलं, जेवतोस का? नाही. कुणी काय बोललं का? नाही. रात्री पाळी संपवून मी आलो तेव्हा तो जागाच होता. माळ्यावर माझ्या शेजारी सरकला आणि हळूच म्हणाला, "दादा, मला आज लई रडू आलं. आणि त्याच टायमाला असंही वाटलं की ह्या शाळेवर दगड घालावा. मी येडा झालोय का?"

मी म्हणालो, झोप आता. सकाळी बोलू.

सकाळी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कारण त्याला काय सांगायचं ते माझ्याकडेच नव्हतं. मी शाळा सोडली तेव्हा हाच प्रश्न मला पडला होता, आणि मी तो कुणालाच विचारला नव्हता. त्याची किंमत मी आज ग्रीन गेटच्या आत रोज मोजतो. म्हणून हे लिहितोय. भावासाठी, आणि वस्तीवस्तीतून यंदा शाळेच्या दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोरासाठी, पोरीसाठी.

आधी दोन खोट्या गोष्टी बाजूला काढू.

पहिलं खोटं प्रस्थापितांचं. शाळेच्या आठवणींवर मराठीत जेवढं गोड लिहून झालंय तेवढी साखर आमच्या गोदीतून परदेशी गेली नसेल. शाळेमागचं चिंचेचं झाड, मधल्या सुट्टीतला डबा, बाहेरून कडक आणि आतून मऊ मास्तर, आणि शेवटच्या दिवशी डोळ्यांत पाणी. त्यांचं त्यांना खरं असेल. कुणाच्या चिंचेच्या झाडावर मी कुऱ्हाड घेऊन आलेलो नाही. पण ज्याच्या डब्याकडे कुणी वाकडं बघितलं नाही त्याला डबा गोडच आठवणार. भरल्या वर्गात 'स्कॉलरशिपवाले उभे राहा' हे शब्द ज्यानं दर वर्षी ऐकले आणि चाळीस डोकी आपल्याकडे वळताना बघितली, त्यानं निरोपाच्या दिवशी नेमकं कशाकशासाठी रडायचं?

दुसरं खोटं आपल्याकडचं आहे, आणि ते सांगायला जास्त हिंमत लागते. आपल्यातलेच काही वक्ते माईक हातात आला की म्हणतात, ही शाळा म्हणजे त्यांच्या व्यवस्थेचा कारखाना, तिच्यासाठी कसली आसवं गाळता? टाळ्या पडतात. वक्ता खाली उतरतो आणि स्वतःच्या पोराला चांगल्या शाळेत घालण्यासाठी चिठ्ठी मिळवायला जातो. त्याच्या भाषणावर विश्वास ठेवून वही टाकून दिलेलं पोरगं मात्र नाक्यावर उभं राहतं.

माझं म्हणणं साधं आहे. शाळा सोडताना आपल्या पोरांच्या पोटात जे उठतं ते एकपदरी नसतं. जीव लागलेला असतो आणि जीव जळालेलाही असतो. सुटलो असं वाटतं, पुढं काय म्हणून पाय लटपटतात, आणि घरात आपल्याआधी कुणी इथवर आलं नाही याची लाजही वाटते, गर्वही वाटतो. हे सगळं एकदम वाटणं म्हणजे वेड नाही. हे सगळं खरं आहे म्हणूनच ते एकदम वाटतं. यातलं एक ठेवून दुसरं टाकायला गेलात की फसलात. नुसता उपकार ठेवलात तर जन्मभर वाकून राहाल. नुसता राग ठेवलात तर शाळेबरोबर पुस्तकही टाकून द्याल. मी दुसरं केलं. कसं केलं ते सांगतो.

मी २०१५ साली दहावी झालो. शाळेचं नाव लिहीत नाही. एकीचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात.

आमच्या शाळेत कार्यक्रम असला की वरच्या मजल्यावरचे बेंच खाली आणायला लागायचे. वर्गात साठ पोरं. पण सर दारात येऊन बोट दाखवायचे ते आम्हा सहाजणांकडे. सहाही आमच्या वस्तीतले. एकदा मी विचारलं, सर, आम्हीच का? सर हसून म्हणाले, "अरे, तुमच्यात ताकद असते." शिवी नव्हती ती. कौतुकच होतं. म्हणूनच आज इतक्या वर्षांनीसुद्धा त्याचं काय करावं मला कळत नाही. शिवीला शिवी देता येते, कौतुकाला काय देणार?

आणि त्याच शाळेत मराठीच्या बाई होत्या. आठवीत त्यांनी मला दोनशे पानी वही दिली. म्हणाल्या, दिसतं ते लिही, ऐकू येतं ते लिही. मी लिहिलं. बाईंनी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं. पण एका ठिकाणी मी 'व्हतं' लिहिलं होतं, त्याच्यावर त्यांची लाल पेन्सिल थांबली आणि पुढे गेली. मी म्हणालो, बाई, हे चुकलंय ना? त्या म्हणाल्या, "ते चुकलेलं नाही. ते तुझं आहे." आज माझ्या कवितेत माझी आजी बोलते, मुकादम बोलतो, ते त्या एका वाक्याच्या जोरावर. बाईंच्या पुस्तकाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. आणि ज्या जिन्यानं मी बेंच उतरवायचो त्याच जिन्यानं त्या कपाटाकडे जायचो. जिना एकच होता.

निरोपाच्या दिवशी सकाळी आम्ही सहाजणांनी बेंच उतरवले. दुपारी त्याच बेंचांवर आम्ही पाहुणे म्हणून बसलो. विद्यार्थ्यांतर्फे मनोगत मी बोलायचं ठरलं होतं, कारण मी कविता करायचो. भाषण सरांनी लिहून दिलं. शाळा ही आमची आई, शिक्षक आमचे शिल्पकार, आम्ही मातीचे गोळे, वगैरे. मी ते घडाघडा म्हटलं. टाळ्या पडल्या. मग पाया पडायची रांग लागली. मी सरांच्या पाया पडलो. बाईंसमोर आलो तेव्हा घसा भरून आला आणि मी काहीच न बोलता पुढे सरकलो.

म्हणजे बघा, ज्यांना सवाल विचारायचा होता त्यांचे आभार मानले, आणि ज्यांचे आभार मानायचे होते त्यांच्याशी शब्द बोललो नाही. माझी खरी दोन्ही भाषणं त्या दिवशी पोटातच राहिली. पोटात राहिलेलं भाषण कुजतं. त्याचा वास पुढे वर्षभर येत राहतो.

निकाल लागला. एकसष्ट टक्के. आजीनं गल्लीत सांगितलं, नातू मॅट्रिक झाला. दाखला आणायला गेलो तर खिडकीतून कारकून म्हणाला, आठशे रुपये बाकी आहे. मी म्हणालो, आत्ता नाहीत, पुढच्या आठवड्यात देतो. तो मागच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलला, "ह्यांना सगळं फुकट लागतं." झालं. पाच वर्षांचे बेंच माझ्या डोक्यावर एकदम आले. मी मागे फिरलो आणि ठरवलं, परत ह्या दारात पाय ठेवणार नाही.

दीड वर्ष ठेवला नाही. अकरावीचे प्रवेश होऊन गेले. स्कॉलरशिपच्या अर्जाची तारीख होऊन गेली. माझा राग खरा होता, मी आजही त्यातला शब्द मागे घेत नाही. पण त्या रागानं शाळेचं काय वाकडं झालं? घंटा वाजतच होती. माझाच कागद त्यांच्या कपाटात धूळ खात पडला होता. अठरा पुरी झाल्यावर शेजारच्या काकांनी ठेकेदाराकडे नेलं आणि मी गोदीत लागलो.

माझा आजा गोदीतच होता. त्याच्याकडे डॉक लेबर बोर्डाचं कार्ड होतं. १९४८ च्या कायद्यानं गोदी कामगारांच्या नोंदणीची सोय झाली, आणि संपाच्या, मोर्चाच्या बळावर त्या कार्डाला हजेरी, रजा, पेन्शन असा अर्थ आला. आजा अंगठेबहाद्दर, पण कार्डवाला. मी मॅट्रिक, पण माझ्याकडे ठेकेदाराचा पास, तोही महिन्यामहिन्याचा. आजानं ज्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉकमध्ये गोण्या वाहिल्या ते डॉक आता बुजवून टाकलेत. कंटेनरचा मोठा धंदा १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेव्याच्या बंदरानं खाडीपलीकडे ओढून नेला. इंदिरा डॉकमध्ये लोखंडाची कॉइल उतरते, तिला वायरच्या स्लिंगा लावायच्या, क्रेनवाल्याला हात करायचा आणि अंग चोरून बाजूला व्हायचं. एक कॉइल कित्येक टनांची. तिला तुमचे टक्के विचारायचे नसतात. अंगमेहनतीची मला लाज नाही, गोदीनं मला भाकरी दिली आणि कवितेला आवाज दिला. पण गोदीत मी निवडून आलो नाही, रुसून आलो. ह्यात फरक आहे, आणि तो माझ्या भावाला कळावा एवढ्यासाठी मी स्वतःची लक्तरं इथं वाळत घालतोय.

आमच्या सहातल्या दुसऱ्या एकाचं उलट झालं. त्यानं राग गिळला आणि उपकार तेवढा ठेवला. आज त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. तरी पंधरा ऑगस्ट आला की शाळेतून त्याला फोन जातो आणि हा खुर्च्या मांडायला जातो. आनंदानं जातो. मी त्याला हसत नाही, तो माझा जिवाचा दोस्त आहे. पण एकदा विचारलं, तुला कधी व्यासपीठावर बसवलं का रे? तो म्हणाला, "आपण कशाला बसायचं वर?" हे 'आपण कशाला' शाळेनं त्याला फळ्यावर लिहून शिकवलं नव्हतं. पण शिकवलं होतंच.

माझा दाखला शेवटी आईनं आणला. आई चौथी पास. एका सकाळी तिनं आठ नोटा पदराच्या गाठीत बांधल्या, खिडकीवर जाऊन मोजून ठेवल्या आणि म्हणाली, "पावती द्या." पावती घेतली, दाखला घेतला, घरी आली आणि भाकऱ्या थापायला बसली. शाळेवर तिचं प्रेमही नव्हतं आणि दावाही नव्हता, असं मला तेव्हा वाटलं. पुढं कितीतरी दिवसांनी मी तिला विचारलं, आई, तू शाळा सोडलीस तेव्हा तुला काय वाटलं होतं?

आई जरा थांबली. तिच्या गावात शाळा चौथीपर्यंतच, पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात, आणि पोरीला कोण पाठवतंय? ती म्हणाली, "सुटल्यासारखं वाटलं बघ. दाराजवळ येगळं बसायचं संपलं. आन् मग कितीतरी दिवस भांडी घासताना पाढे म्हणायचे. सत्तावीसपर्यंत येत होते. अजून येतात." आणि तिनं मला सत्तावीसचा पाढा म्हणून दाखवला. चुकली नाही.

ताईचं आणखी वेगळं. ती पालिकेच्या शाळेत होती. तेव्हा पालिकेच्या बहुतेक प्राथमिक शाळा सातवीपर्यंतच. आठवीची शाळा रेल्वे लायनीपलीकडे, आणि घरात मी आणि धाकटा लहान. ताई घरी बसली. तिच्या दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहिलंय, 'पालकांच्या विनंतीवरून'. आमच्या घरात कुणी विनंती केली नव्हती. ताई म्हणते, शाळा सुटल्याचं दुःख अभ्यासाचं नव्हतं रे, मैत्रिणींचं होतं. रस्त्यावरून मोठ्यानं हसत जायला पोरीला शाळेएवढं दुसरं कारण मिळत नाही. पोरींच्या ह्या दुःखावर आपल्या सभांत कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. आपणही ऐकून घ्यायला शिकलं पाहिजे.

आता तो दाखला हातात घेऊन नीट वाचा. तुमच्या घरातला कुठलाही काढा. नाव, आईचं नाव, धर्म, जात पोटजातीसह, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख. अभ्यासातील प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. दहा वर्षांचा हिशेब दोन शब्दांत उरकला. शाळेची तुमच्याशी वर्तणूक कशी होती, ह्याला रकाना नाही. बेंच कुणी उचलले, ह्याला रकाना नाही. दोनशे पानी वही कुणी दिली, ह्यालाही नाही.

जातीच्या रकान्याशी पोरगं पुन्हा अडखळतं. आमचं घर १९५६ पासून बौद्ध. रकान्यात मात्र जुनं नाव, जे आजानं नागपूरहून आल्यावर घरातून हद्दपार केलं होतं. ते वाचून कानशिलं तापतात. पण त्याच शब्दाच्या जोरावर जातीचा दाखला निघतो, फी माफ होते. (बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० उजाडावं लागलं.) जातपडताळणीला गेलात तर अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा विचारतात, आणि सगळ्यात भक्कम पुरावा कुठला? आजाचा, पणज्याचा शाळेचा दाखला. अरे, पणज्याला शाळेत घेतलं असतं तर आम्ही ही रांग लावली असती का? मग महसुलाच्या दप्तरात, कोतवाल बुकात नाव शोधत गावी हेलपाटे. ज्या शब्दानं पणज्याला शाळेबाहेर ठेवलं, त्याच शब्दाचा कागद दाखवून पणतू आत जातो. हा कागद फाडावासा वाटणं आणि छातीशी धरावासा वाटणं, दोन्ही बरोबर आहे. म्हणून सांगतो, फाडू नका. झेरॉक्स काढा.

कुणी म्हणेल, हे सगळं मनाचे खेळ, बाबासाहेब असे रडत बसले नाहीत. त्यांनी वाचलेलं नाही. ७ नोव्हेंबर १९०० ह्या दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदलं गेलं. आज महाराष्ट्रात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, की बसायला त्यांचं वेगळं गोणपाट असे. शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. शिपाई नसला तर पाणी नाही. आणि त्याच साताऱ्याच्या शाळेतल्या एका ब्राह्मण मास्तरांनी मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी दिली, तीही बाबासाहेबांनी आयुष्यभर लक्षात ठेवली आणि सांगितली. गोणपाट विसरून भाकरी सांगितली नाही. भाकरी लपवून गोणपाट सांगितलं नाही. दोन्ही सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसाला दोन्ही पेलता येतं, तर आपण कशाला एकावर अडून बसायचं?

आणि त्यांनी शाळा सोडली तेव्हा काय झालं ते बघा. १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. परळच्या चाळीतलं पोरगं. शाळेनं निरोप कसा दिला हे कुणी सांगत नाही. वस्तीनं काय केलं ते सगळे सांगतात. सत्काराची सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र पोराच्या हातात ठेवलं. आणि केळुसकर तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढं कॉलेजात पैशाची तंगी आली तेव्हा ह्याच माणसानं सयाजीराव गायकवाडांपर्यंत शब्द टाकला आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. म्हणजे शाळेच्या दारातून पोरगं बाहेर पडलं तेव्हा दाराबाहेर कुणीतरी उभं होतं. हातात पुस्तक घेऊन, आणि पैशाची वाट माहीत असलेलं. माझ्या वेळी दाराबाहेर कोण होतं? ठेकेदार.

तर आपल्याला करायचं आहे ते हेच आहे. शाळेचा निरोप समारंभ शाळेचा आहे, तो त्यांनी करावा. आपण वस्तीचा निरोप समारंभ करू. बुद्धविहारात करा, मंडळाच्या खोलीत करा, गल्लीत सतरंजी टाकून करा. पुढाऱ्याला बोलावू नका, तो स्वतःबद्दलच बोलेल. दहावीच्या, सातवीच्या, अर्ध्यात सोडलेल्या सगळ्या पोरांना बोलवा. मनोगत ज्याचं त्यानं लिहावं, आणि त्यात दोन नावं घ्यावीत. एक, ज्याचे मनापासून आभार मानायचेत. दुसरं, ज्याला सवाल विचारायचाय. आभार त्या माणसाला जाऊन सांगावेत, घसा भरून आला तरी सांगावेत. सवाल कागदावर लिहून मुख्याध्यापकांना द्यावा, खाली सही करून. पेटवापेटवीपेक्षा सहीचा कागद जास्त जाळतो, हे मला उशिरा कळलं.

प्रत्येक पोराच्या हातात एक पुस्तक ठेवा. जुनं चालेल. आणि प्रत्येक पोरामागे एक माणूस नेमा, जो निकालाच्या आठ दिवसांत त्याच्याबरोबर शाळेच्या खिडकीवर जाईल. बरोबर, म्हणजे शेजारी उभा. कारण खिडकीतून जे बोललं जातं ते एकट्या पोराला झेपत नाही. नाव, जन्मतारीख, जात तिथंच वाचून घ्या, चूक असेल तर तिथंच सांगा, नंतर दुरुस्तीला चपला झिजतात. आठवीपर्यंतच्या पोराचा दाखला शाळा अडवूच शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तो ताबडतोब द्यायला सांगितलाय, उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. मॅट्रिकनंतरची स्कॉलरशिप १९४४ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना सुरू झाली. ती भीक नाही, वारसा आहे. आज अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या पोराला ती मिळते, अर्ज महाडीबीटीवर भरायचा. उभं राहा म्हटलं की मान ताठ ठेवून उभं राहायचं.

आणि नापास झालेल्यांना विसरू नका. त्यांच्या मनात तर काय काय चाललेलं असतं. निकालाच्या दिवशी जो गप्प होतो त्याला एकटं सोडू नका, रात्री त्याच्याजवळ कुणीतरी बसा. पुरवणी परीक्षा आहे, सतरा नंबरचा फॉर्म आहे, रात्रशाळा आहेत. गोदीत, गिरणीत राबून रात्री शिकलेल्या माणसांवर ह्या शहरातली आपली चळवळ उभी राहिली. मीसुद्धा यंदा बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरणार आहे. दहा वर्षं उशीर झाला, होऊ दे.

भावाला मी शेवटी हे सगळं सांगितलं. लिहिण्याच्या आधीच सांगितलं. तो म्हणाला, मग त्या दिवशी का नाही बोललास? म्हणालो, मला तुझ्याकडून शिकायला लागलं. त्यानं एका कागदावर दोन नावं लिहिली. कुणाची ते मी विचारलं नाही.

निकालानंतर चौथ्या दिवशी मी खाडा केला आणि आम्ही दोघं दाखल्याला गेलो. तो खिडकीशी, मी त्याच्या खांद्याला खांदा लावून. आत कुणी वाईट बोललं नाही, हेही लिहिलं पाहिजे. कारकून बाई होत्या, त्यांनी रजिस्टर काढलं, नाव वाचून दाखवलं, जन्मतारीख वाचून दाखवली. मग मान वर न करता विचारलं, "शाळा सोडण्याचं कारण काय लिहू?"

भावानं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "पुढं शिकायचंय, तेच लिहा."